मिसफायर (इंजिनाचा) : निदान

इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन मुळीच न पेटणे किंवा अर्धवट पेटणे म्हणजे मिसफायर. गॅरेजात याला ‘मिसिंग’ म्हणतात. ‘गाडी मिसिंग मारते’ एवढे सांगितले की फिटरला तक्रार कळते. इंजिन थरथरते, पिकअप पडतो, सायलेन्सरचा आवाज अडखळतो, कच्च्या पेट्रोलचा वास येतो. तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीत हादरा अधिक जाणवतो.

ज्वलनाला ठिणगी, हवा-इंधनाचे योग्य मिश्रण आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये ते मिश्रण दाबले जाणे) लागते. यांपैकी काय चुकते आहे, याचा पहिला सुगावा गाडी कधी अडखळते यातून मिळतो. नाशिक शहरात सुरळीत चालणारी गाडी मुंबईहून परतताना कसारा घाटाच्या चढावर धक्के देऊ लागली, तर आधी ठिणगी पाडणारा प्लग आणि त्याला व्होल्टेज पुरवणारी कॉइल तपासावेत. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. थकलेली कॉइल तिथे हात टेकते. सीएनजीवर हा दोष आणखी लवकर उघडा पडतो. याउलट, उभ्या गाडीत थरथरणारे आणि वेग घेताच शांत होणारे इंजिन बहुधा फाटक्या व्हॅक्यूम पाइपातून (इंजिन हवा ओढते त्या बाजूला जोडलेल्या नळीतून) जादा हवा ओढत असते. इगतपुरीच्या पावसातून आल्यावरच मिसिंग सुरू झाले असेल, तर प्लगच्या खळग्यात पाणी साचले आहे का ते पाहावे.

गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर पी0301 दिसला म्हणजे पहिला सिलिंडर, पी0302 म्हणजे दुसरा. पी0300 आला तर दोष एका सिलिंडरपुरता नाही. क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) फिरण्यात पडणारा खंड सेन्सर टिपतो, त्यावरून संगणक हे ठरवतो. म्हणजे कोड सिलिंडर दाखवतो, कारण नाही. तरीही कोड वाचून थेट नवी कॉइल बसवली जाते, आणि बिल भरूनही गाडी थरथरतच राहते.

त्यापेक्षा अदलाबदल बरी, आणि ती फुकट होते. पी0301 आला असेल तर पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावून गाडी चालवावी. कोड पी0303 झाला तर कॉइल दोषी. पी0301 कायम राहिला तर प्लगची, मग इंजेक्टरची (इंधन फवारणाऱ्या भागाची) अशीच अदलाबदल करावी. काढलेला प्लगही बरेच सांगतो : फिकट तपकिरी टोक निरोगी, कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त, तेलकट ओल म्हणजे पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्हच्या (झडपेच्या) सीलमधून ऑइल शिरते आहे.

एवढ्यावरही उलगडा झाला नाही तर कॉम्प्रेशन मोजावे. आकडा कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर आकडा चढला, तर रिंग झिजल्या आहेत. न चढल्यास दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा (सिलिंडर आणि वरच्या हेडमधल्या पॅकिंगचा). शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा आकडा पडला असेल तर गॅस्केटचाच संशय घ्यावा.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे तपास इंजेक्टरपासून सुरू होतो. नाशिकला हा सुटा भाग परका नाही. सातपूरच्या बॉश कारखान्यात डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते अशा) प्रत्येक इंजेक्टरची जादा डिझेल परत नेणारी नळी वेगळ्या बाटलीत सोडतात. ज्याची बाटली लवकर भरते तो आतून गळतो आहे.

चालू इंजिनात प्लगची वायर एकेक उपसून आवाज ऐकण्याची जुन्या मिस्त्रींची रीत आजच्या पेट्रोल गाडीत टाळावी. शॉक बसतो तो वेगळाच, शिवाय न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली जाळी वितळू शकते. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर तो याच धोक्याचा इशारा असतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.