आल्प्सचा कातळ उन्हाळ्यात का निखळतो?

२००३ च्या जुलैमध्ये, युरोपात उष्णतेची तीव्र लाट असताना, स्वित्झर्लंडमधील ४,४७८ मीटर उंचीच्या मॅटरहॉर्न शिखरावर, हॉर्नली धारेवरच्या नेहमीच्या वाटेवर दरड कोसळली आणि वर अडकलेल्या सुमारे ९० गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले. दरड जिथून सुटली, तिथल्या ताज्या खडकात बर्फ उघडा पडलेला दिसत होता. हा बर्फ हिमनदीचा नव्हता, तर कातळाच्या फटींमध्ये वर्षानुवर्षे गोठून राहिलेला होता.

सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअसखाली राहिलेल्या जमिनीला किंवा खडकाला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. आल्प्समध्ये उत्तरेकडच्या, कमी उन्हाच्या कड्यांत तो साधारण अडीच हजार मीटरपासून आढळतो. दक्षिणेकडे मात्र त्यासाठी बरेच वर जावे लागते. फटींतला हा बर्फ सुट्या शिळांना एकमेकींशी जखडून ठेवतो, परंतु तो पूर्ण वितळल्यावरच कडा धोक्यात येतो, असे नाही. प्रयोगशाळेतील चाचण्यांत असे दिसले, की उणे दीड अंश ते शून्य या टप्प्यात बर्फाने भरलेली फट अतिथंड फटीपेक्षा तर कमकुवत असतेच, पण बर्फच नसलेल्या फटीपेक्षाही कमकुवत ठरू शकते. मला या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला त्या कड्यात काहीच बदललेले दिसत नाही. त्यात वितळलेले पाणी फटींतून आत शिरले, की खडकातून एरवी सावकाश झिरपणारी उष्णता त्याच्याबरोबर झपाट्याने खोलवर पोहोचते.

हात टेकवत कातळटप्पे चढणाऱ्याला याची झळ थेट बसते. आल्प्समधले सर्वांत उंच शिखर असलेल्या माँ ब्लाँच्या फ्रेंच बाजूच्या प्रचलित वाटेवर तेत रूस आणि गूते या निवाऱ्यांदरम्यान एक उभी नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ, आडवी पार करावी लागते. नाळेत बर्फ भरलेला असतो तोवर बरेचसे सुटे दगड त्यात रुतून राहतात, पण तो ओसरला की वरच्या घसाऱ्यातून, म्हणजे सुट्या दगडांच्या उतारावरून, सुटलेला दगड उसळ्या घेत थेट वाटेवर येतो. म्हणून ही नाळ पहाटे, रात्रीच्या गारठ्याने दगड गोठलेले असताना, एकेकट्याने आणि न रेंगाळता ओलांडण्याचा प्रघात आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात दगडांचा मारा इतका वाढला, की ऑगस्टमध्ये दोन्ही निवारे बंद करावे लागले.

पहाटेच्या या हिशेबाची भिस्त रात्री पुरेसे गोठण्यावर आहे आणि नेमके तेच आता बेभरवशाचे झाले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, २० आणि २१ तारखांमधील रात्री, स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याच्या फुग्याला शून्य अंशाची पातळी (जिच्या वर हवा गोठणबिंदूखाली जाते ती उंची) ५,२९८ मीटरवर, म्हणजे माँ ब्लाँच्या माथ्यापेक्षाही सुमारे पाचशे मीटर उंच, आढळली.