टाइमआउट आला म्हणून सेंड_कमांड_टायमिंग लावू नका

नेटमिको या पायथन लायब्ररीने राउटर-स्विचचं आउटपुट गोळा करून फाइलीत ठेवणाऱ्या स्क्रिप्ट तपासताना एकच प्रकार परत परत सापडतो. सेंड_कमांड या फंक्शनने रीडटाइमआउट (वेळेत उत्तर न मिळाल्याची एरर) दिला, म्हणून कुणीतरी तिच्या जागी सेंड_कमांड_टायमिंग टाकलेली असते. एरर गेली, सगळे खूश.

सेंड_कमांड तुमच्या रोजच्या वापरातली आहे. प्रॉम्प्ट, म्हणजे डिव्हाइस पुढच्या कमांडला तयार असल्याची ओळ, पुन्हा दिसेपर्यंत ती वाचत राहते, आणि नेटमिको ४ मध्ये १० सेकंदांत तो दिसला नाही तर एरर देते.

सेंड_कमांड_टायमिंग (पुढे नुसतं टायमिंग) प्रॉम्प्टकडे बघतच नाही. डिव्हाइसशी जोडणाऱ्या एसएसएचच्या शेलमध्ये आउटपुट संपल्याची वेगळी खूण नसते, नुसती अक्षरं येत राहतात. २ सेकंद नवीन काही आलं नाही की टायमिंग ‘संपलं’ असं धरते. आता सिस्कोवर शो टेक-सपोर्ट चालवून बघा. तिच्या पोटात कितीतरी शो कमांडी असतात, आणि डिव्हाइसवर लोड असेल तर दोन कमांडींच्या मध्ये २-३ सेकंद सहज जातात. टायमिंग तिथेच थांबते. एरर नाही, वॉर्निंग नाही, फाइल अर्धीच. उरलेल्या ओळी मागाहून येतात आणि पुढच्या कमांडच्या फाइलीत घुसू शकतात. एका अपग्रेडच्या चाचणीत बीजीपीचा (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) एक नेबर, म्हणजे जोडलेला राउटर, गायब झाला म्हणून आम्ही अख्खी दुपार घालवली. नेबर जागेवर होता. बदलानंतरची फाइल मध्येच तुटली होती. चाचणीत तुटलेली फाइल एररपेक्षा फार वाईट, कारण आपण तिच्यावर विश्वास ठेवून निकाल देतो.

आउटपुट लांबलचक असेल तर सेंड_कमांडलाच रीड_टाइमआउट=३००, म्हणजे ३०० सेकंदांची मुदत, द्या. क्लिअर लॉगिंगसारखी कमांड कन्फर्म विचारत असेल तर एक्सपेक्ट_स्ट्रिंग, म्हणजे प्रॉम्प्टऐवजी कुठल्या मजकुराची वाट बघायची ते, द्या. मध्येमध्ये स्लीप (स्क्रिप्ट ठरावीक वेळ थांबवणं) पेरणं तर मला अजिबात खपत नाही.

डिव्हाइस पुढे काय विचारेल हे आधी सांगता येत नसेल, तिथे टायमिंग योग्य. पण मग लास्ट_रीड (ती २ सेकंदांची वाट) वाढवा, आउटपुटमधला प्रॉम्प्ट काढला जाऊ नये म्हणून शेवटच्या कॉलला स्ट्रिप_प्रॉम्प्ट=फॉल्स ठेवा आणि फाइलीच्या शेवटच्या ओळीत प्रॉम्प्ट आहे का ते स्क्रिप्टलाच तपासायला लावा. नसेल तर ती चाचणी फेल धरा.