खाऱ्या हवेतली जुनी मोटारसायकल: बिघाड सांध्यांत शोधावा

हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या मोटारसायकली आजही रोजच्या कामात दिसतात. मासळीचा खोका बांधून वाडीवाडी फिरणे, बाजारहाट करणे, हंगामात आंब्याच्या कलमांपर्यंत जांभ्याची चढण चढणे ही सारी कामे त्या करतात, आणि त्यांच्या तक्रारीही ठरलेल्या असतात: चेन खडखडते, चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, हेडलाइट मिणमिणतो, ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो. अशा वेळी एकामागून एक भाग बदलण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात यांतले बरेचसे बिघाड भागात नव्हे, तर दोन भागांच्या सांध्यात असतात आणि गाडी स्टँडवर उभी असताना, म्हणजे सांध्यावर भार नसताना, ते दिसतच नाहीत. चेनच्या बाबतीत हे जितके खरे आहे तितकेच वायरिंगच्या बाबतीतही खरे आहे.

किनाऱ्यावर हे सांधे लवकर का बिघडतात, याचे उत्तर मिठाच्या एका गुणधर्मात आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साध्या मिठाचा कण हवेतली वाफ शोषून स्वतःच विरघळतो. पावसाळ्यात किनाऱ्यावरची आर्द्रता बहुतेक वेळ याहून वरच असते. समुद्राच्या तुषारांत साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर साधारण ३३ टक्के आर्द्रतेलाच ओले होते. त्यामुळे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या पत्र्यावर, चेनवर आणि वायरच्या टोकांवर बसलेला खारट थर डोळ्यांना कोरडा दिसला तरी वर्षातला बराच काळ ओलसर राहतो. हे खारे पाणी वीज वाहून नेते आणि त्यातले क्लोराइड धातूवरचा संरक्षक ऑक्साइडचा पापुद्रा फोडते. गंजण्याच्या क्रियेला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी अशा रीतीने तयारच असतात. मासळीच्या खोक्यातून गळणारे बर्फाचे पाणी चेनवर पडत असेल, तर आर्द्रतेची वाट पाहण्याचीही गरज उरत नाही.

प्रथम चेन पाहू. आज मोटारसायकलवर दिसणारी बुश आणि रोलर यांची साखळी मँचेस्टर येथे काम करणारे हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये घडवली. तिची मूळ रचना अजूनही तीच आहे: बाजूच्या पट्ट्या, त्यांतून जाणारी पिन, पिनभोवती बुश, म्हणजे पोकळ नळी, आणि बुशभोवती फिरणारा रोलर. चेन ताणून लांब होते असे आपण म्हणतो, पण पट्ट्यांचे पोलाद ताणले जात नाही. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात आणि त्यांच्यातली फट वाढते. लहान मोटारसायकलींच्या चेनमध्ये दोन पिनांमधले अंतर १२.७ मिलीमीटर असते. ते दोन टक्क्यांनी वाढले, म्हणजे दर सांध्यात जेमतेम पाव मिलीमीटर फट पडली, तरी शंभराहून थोड्या अधिक सांध्यांच्या चेनची एकूण लांबी सुमारे २७ मिलीमीटरने वाढते. मोजण्याची पद्धत सोपी आहे. चेन ताणलेली ठेवून एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या विसाव्या अंतराच्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजावे. नव्या चेनमध्ये हे अंतर २५४ मिलीमीटर भरते. ते २५९ पर्यंत पोहोचले असेल तर चेन संपली असे समजावे. मोजमाप एकाच जागी घेऊन थांबू नये, कारण झीज सर्वत्र सारखी नसते.

या असमान झिजेमुळेच चेन नीट घट्ट केली तरी दोन दिवसांत पुन्हा खडखडते, अशी तक्रार येते. मागचे चाक हाताने सावकाश फिरवले की चेन एका जागी ढिली आणि दुसऱ्या जागी ताठ होताना दिसते. ताठ भागातले काही सांधे आतून गंजून आखडलेले असतात, ढिल्या भागातले अधिक झिजलेले असतात. ढिल्या जागी पाहून चेन आवळली तर ताठ जागा आली की तिचा सगळा ताण गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर पडतो, म्हणून ढिलाई नेहमी सर्वांत ताठ जागी मोजायची असते. लहान गाड्यांना खालच्या बाजूच्या मध्यावर साधारण २० ते ३० मिलीमीटर ढिलाई ठेवतात. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच मानावा. पुढच्या चक्रीचा, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा, मध्य, स्विंग आर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागचा अ‍ॅक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सर्वाधिक ताणली जाते, आणि मागे माणूस बसवून खड्ड्यातून जाताना नेमके तेच घडते. स्टँडवर सुबक, ताठ दिसणारी चेन म्हणूनच रस्त्यावर घातक ठरू शकते.

चेन लांबली की ती चक्रीच्या दात्यांमध्ये तळाशी बसत नाही, वर चढून बसते, कारण वाढलेल्या अंतराला मोठा घेर लागतो. भार मोजक्या दात्यांवर येतो आणि ते एका बाजूने झिजून आकड्यासारखे वाकडे दिसू लागतात. पुढे १४ आणि मागे ४२ दाते असतील तर पुढच्या चक्रीचा प्रत्येक दाता मागच्यापेक्षा तिप्पट वेळा कामाला येतो, त्यामुळे झीज आधी तिथे शोधावी. ती चक्री कव्हरखाली असल्याने बहुतेक जण पाहत नाहीत. झिजलेल्या चक्र्यांवर नवी चेन चढवणे ही खोटी काटकसर आहे. थोडा थरथराट मात्र नव्या संचातही असतो. साखळी चक्रीभोवती गोल न फिरता बहुकोनासारखी वळते आणि १४ दात्यांच्या चक्रीवर तिचा वेग दर दात्यागणिक सुमारे अडीच टक्के कमी-जास्त होतो. हा थरथराट एकसारखा असतो. खडखडाट ठरावीक अंतराने येत-जात असेल तरच तो दोष मानावा.

खडखडाटाऐवजी रेस सोडताना आणि पुन्हा देताना ठोका बसत असेल तर मागच्या हबमधले (चाकाच्या मध्यभागातले) रबर तपासावेत. चाक धरून ठेवून चक्री पुढे-मागे हलवली असता ती मोकळी हलली तर रबर झिजले आहेत. इंजिनाचा वेग वाढूनही गाडी न ओढणे हा क्लचचा प्रश्न आहे, आणि तिथेही प्लेट बदलण्याआधी केबल पाहावी. किनाऱ्यावर केबलची आतली तार गंजून आवरणात अडकते, लिव्हर सोडला तरी क्लच पूर्ण बसत नाही आणि प्लेट घसरत राहतात. भारतातल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. मोटारींच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात आणि ती इथे चालत नाहीत. म्हणूनच डब्यावर जासो एमए हा शिक्का पाहून घ्यावा. १९९८ मध्ये हे जपानी मानक खास दुचाकींच्या ऑइलसाठी आणले गेले.

चेनची निगा साधी आहे, पण क्रम महत्त्वाचा आहे. जांभ्याची तांबडी माती आणि पुळणीची वाळू तेलात मिसळली की तिचा घासणारा लगदा होतो. वाळूतले गारगोटीचे कण पोलादालाही झिजवतात. त्यावरच पुन्हा तेल ओतल्याने लगदा पिन आणि बुश यांच्या फटीत आणखी आत जातो. गोड्या पाण्याने मीठ धुवावे, माखलेला लगदा रॉकेलने काढावा, चेन पुसून पूर्ण वाळवावी आणि मगच ९० क्रमांकाचे गिअर ऑइल आतल्या बाजूने सांध्यांवर सोडावे. धुण्याचे पाणी वगळून केवळ रॉकेल वापरले तर मीठ तसेच राहते, कारण मीठ रॉकेलमध्ये विरघळत नाही. बंद चेन कव्हर चिखल बाहेर ठेवते हे खरे, पण खाडीच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर तेच कव्हर खारा ओलावा आतही कोंडून ठेवते.

आता दिव्यांकडे वळू. भारतात दुचाकीचा हेडलाइट इंजिनाबरोबर सतत पेटता ठेवणारी रचना १ एप्रिल २०१७ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या अनेक लहान गाड्यांत हेडलाइटला बॅटरीतून वीज मिळतच नाही. ती मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या चुंबकाच्या, लाइट कॉइलमधून थेट प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाच्या रूपात येते. फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे चुंबकक्षेत्र जितक्या वेगाने बदलते तितका विद्युतदाब अधिक निर्माण होतो. त्यामुळे अशा गाडीचा हेडलाइट इंजिन संथ असताना मंद आणि रेस वाढवली की तेजस्वी होणे हा बिघाड नाही. रेस वाढवूनही तो मंदच राहिला, किंवा बॅटरीवर चालणारे हॉर्न आणि इंडिकेटरही त्याच्याबरोबर मरगळले, तर शोध सुरू करावा.

मंद दिव्यामागचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. जुन्या राजदूत, येझदी अशा गाड्यांवर ६ व्होल्टची यंत्रणा असे. ३५ वॅटच्या बल्बला ६ व्होल्टवर जवळजवळ ६ अँपिअर प्रवाह लागतो, तर १२ व्होल्टवर त्याच्या निम्मा पुरतो. गंजलेल्या एखाद्या सांध्यात फक्त ०.२ ओहम रोध आला असे समजू. ६ व्होल्टच्या गाडीत या सांध्यातच सुमारे १ व्होल्ट वाया जातो. १२ व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट. तारेच्या बल्बचा प्रकाश विद्युतदाबाच्या साधारण साडेतीन घाताने बदलत असल्याने पहिल्या गाडीचा उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो, दुसरीचा पंधरा टक्क्यांच्या आसपास घटतो. बल्ब, कॉइल, बॅटरी सगळे शाबूत असतानाही हे घडते. नवा बल्ब लावल्यावर दिवा थोडा सुधारल्यासारखा वाटतो, तो पुष्कळदा होल्डर काढताना-बसवताना सांधा घासला गेल्यामुळे.

सर्वांत अधिक गोंधळ अर्थच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या जोडणीच्या, सांध्याने होतो. मोटारसायकलीत वीज वायरीने जाते आणि चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, लोखंडातून परत येते. मागच्या दिव्याचा अर्थ तुटला तर वीज परतीचा दुसरा रस्ता शोधते. मागच्या बल्बमध्ये टेल आणि ब्रेक यांच्या दोन तारा एकाच तळाला जोडलेल्या असतात. ब्रेक दाबल्यावर प्रवाह ब्रेकच्या तारेतून येतो, तळाला वाट न मिळाल्याने टेलच्या तारेतून उलटा फिरतो आणि पुढे मीटरच्या किंवा पार्किंगच्या लहान दिव्यातून चेसीला मिळतो. मागचा दिवा उजळण्याऐवजी मीटर मिणमिणतो. भुताटकी वाटावी असा हा प्रकार मडगार्डखालच्या एका गंजलेल्या स्क्रूने होतो, आणि त्यासाठी अख्खे वायरिंग बदललेल्या गाड्याही पाहायला मिळतात.

असा सांधा शोधताना मल्टिमीटरचा बीप फसवतो. वायरच्या वीस तंतूंपैकी एकच शिल्लक असला तरी बीप वाजतो, कारण मीटर अगदी थोडा प्रवाह सोडते. बल्बचा रोध मोजूनही फारसे कळत नाही. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. योग्य रीत म्हणजे दिवा पेटता ठेवून दाब मोजणे. मीटरची एक काडी बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी बल्बच्या होल्डरच्या पत्र्याला लावावी. सांधे चांगले असतील तर आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहतो. तो अधिक असेल तर दुसरी काडी होल्डर, स्क्रू, मडगार्ड, चेसी अशी बॅटरीच्या दिशेने सरकवत न्यावी. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उतरतो तिथे दोष आहे. धन बाजूची वायरही अशीच तपासावी. हेडलाइट थेट कॉइलवर चालत असेल तर मीटर प्रत्यावर्ती दाबाच्या खुणेवर ठेवावे आणि काडी बॅटरीऐवजी कॉइलच्या अर्थला लावावी.

बल्ब वारंवार उडत असतील तर तपासणीची दिशा उलटी होते. दाब पाच टक्क्यांनी वाढला तरी तारेचे आयुष्य जवळपास निम्मे होते. १२ व्होल्टची चांगली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यावी. आकडा १५ च्या वर चढला तर रेग्युलेटरवर, म्हणजे दाब मर्यादेत ठेवणाऱ्या भागावर, संशय घ्यावा, पण इथेही तो बदलण्याआधी त्याचा अर्थ पाहावा, कारण रेग्युलेटर स्वतःच्या अर्थच्या तुलनेतच दाब मोजतो आणि तोच गंजला असेल तर बॅटरीचा खरा दाब त्याला कळत नाही.

कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारा जोड, उघडल्यावर हिरवी पूड दिसते ती तांब्यावर क्लोराइडने केलेली क्रिया होय. नीट पाहिले तर सतत बॅटरीच्या धन टोकाला जोडलेली पिन बहुधा आधी खाल्ली गेलेली आढळते. कपलरमधल्या खाऱ्या ओलाव्यातून धन पिनेकडून शेजारच्या अर्थकडे सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि विद्युत-विघटनाने तिचा धातू झिजत जातो. हा प्रवाह चावी बंद असतानाही बॅटरीपासून स्विचपर्यंत चालूच राहतो. म्हणून गाडी पावसाळाभर पडवीत उभी राहणार असेल तर बॅटरीची वायर सोडवून ठेवणे हाच उपाय. पिन बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करून, सैल झालेली टर्मिनल पक्कडीने जरा दाबून आणि कपलर जोडून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा थर दिला तर ओलावा आत जात नाही. काळी टेप मात्र पावसाळ्यात पाणी कोंडण्याचेच काम करते.

हल्ली मंद हेडलाइटवर एलईडी बल्ब बसवण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो दिवा ३५ वॅटऐवजी बऱ्याच कमी वॅटवर चालतो, त्यामुळे सांध्यातून जाणारा प्रवाह घटतो, तिथे वाया जाणारा दाबही घटतो आणि उजेड लख्ख पडतो. गंजलेला सांधा मात्र तसाच असतो. ज्या गाडीत हॉर्न आणि हेडलाइट यांचा अर्थ एकच आहे, तिथे हॉर्न दाबताच एलईडी लुकलुकतो. एलईडी बसवल्यानंतर अशी लुकलुक दिसली तर नवा बल्ब परत करायला दुकानात जाण्याआधी हेडलाइटच्या कवचामागचा अर्थ-स्क्रू काढून घासावा.