उभ्या पद्मिनीच्या पोटातलं पाणी

वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी बाहेर काढली, की घरच्यांना घाई असते नवी बॅटरी लावून इंजिनाचा आवाज ऐकण्याची. ही घाई इंजिनाला महागात पडते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेलं हे १०८९ सीसीचं इंजिन दणकट आहे खरं, पण गाडी बंद असली तरी इंजिन थंड ठेवणाऱ्या आतल्या पाण्याचं आणि धातूंचं रसायन चालूच राहिलेलं असतं.

या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे मुख्य धड, बिडाचा, त्यावर बसणारं हेड अॅल्युमिनियमचं, पाणी थंड करणारा रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि त्याचे सांधे शिसं-कथलाच्या डाखाचे. इतके धातू एकाच पाण्यात आले की नकळत एक विद्युतघट तयार होतो आणि त्यात अॅल्युमिनियम झिजत जातं. हे रोखणारी रसायनं कूलंटमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात मिसळायच्या द्रवात, असतात, पण ती खर्च होतात. जुन्या धाटणीच्या हिरव्या कूलंटचं संरक्षण साधारण दोन वर्षं टिकतं. त्यातून ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो’ म्हणून पिढ्यान्पिढ्या साधं पाणीच भरलं गेलं. गोठण बिंदू खाली आणणं हे कूलंटचं एक काम; मुंबईच्या दमट हवेतल्या गाडीला त्याचं दुसरं काम, गंज रोखण्याचं, जास्त गरजेचं आहे.

बिडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्याच्या खपल्या सुटून ब्लॉकच्या तळाशी बसतात, विशेषतः पंपापासून सर्वांत दूर असलेल्या मागच्या सिलिंडरभोवती. बोअरचं पाणी वापरलं असेल तर क्षारांचं पुटही चढतं. पाणी तापलं की त्यातल्या बायकार्बोनेटचं विघटन होतं आणि कॅल्शियम कार्बोनेट साचतं. हा क्षार गरम पाण्यात कमी विरघळतो, त्यामुळे तो नेमका सर्वांत तापलेल्या भिंतींवर, म्हणजे ज्वलनकक्षाभोवती बसतो. बिडाच्या तुलनेत त्यातून उष्णता ढोबळमानाने वीस-पंचवीस पट कमी वाहते. म्हणजे १ मिलिमीटरचं पुट हे २ सेंटिमीटरहून जाड बिडाइतका अडथळा करतं.

अशा स्थितीत इंजिन सुरू केलं, की पंप तळाचा चिखल उठवतो आणि तो थेट रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतो. म्हणून आधी ब्लॉक, मग रेडिएटर, आणि दोन्ही वेगवेगळे धुवायचे. ब्लॉकचा पाणी काढायचा कॉक उघडूनही पाणी आलं नाही, तर तिथे गाळ बसला आहे असं समजावं आणि तारेने तो मोकळा करावा. थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून, नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावं. गंज चिवट असेल तर सौम्य सायट्रिक अॅसिड थोडा वेळ चालतं, मात्र नंतर भरपूर पाण्याने ते पुरतं काढून टाकावं लागतं. संडास साफ करायचं अॅसिड कोणी सुचवलं तर ठाम नकार द्या. ते अॅल्युमिनियमचं हेड खातं. रेडिएटर जुन्या कारागिराकडे द्यावा. तो टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवतो आणि पुन्हा डाख लावतो.

होज पाइप बाहेरून चांगले दिसतात आणि तिथेच फसगत होते. रबराला चिरा आतून, क्लॅम्पजवळ पडतात. टोकाशी दाबून पाहा. मऊ पडला असेल किंवा कुरकुरला, तर बदला. पंपाचं सील कोरडं पडून चिकटलेलं असू शकतं, म्हणून तो आधी हाताने फिरवून बघावा.

थर्मोस्टॅटबद्दल मला पोटतिडकीने सांगायचं आहे. गाडी गरम होते म्हणून तो काढून फेकण्याची सवय आपल्या गॅरेजांत फार जुनी आहे. त्याच्या आतलं मेण ठरावीक तापमानाला वितळून फुगतं आणि झडप उघडतं. तो नसेल तर इंजिन तापायला फार वेळ घेतं, तेलात पाण्याची वाफ आणि पेट्रोल साचतं, झीज वाढते. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून तो तपासता येतो. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडला तर ठीक, नाहीतर नवा घ्यावा. पण रिकामी जागा ठेवू नये.

रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या शिटीसारखंच काम करतं. आतला दाब हवेपेक्षा अर्ध्या बारने वाढला, की पाणी १११ अंशांच्या आसपास उकळतं. गरम इंजिनावर झाकण उघडलं तर दाब एकदम उतरतो आणि पाण्याची क्षणात वाफ होते. चेहरे भाजतात ते असे.

भरताना कूलंट तांबं, पितळ आणि डाखाला चालणारं आहे ना, हे डब्यावर वाचावं आणि ते बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात निम्मंनिम्मं मिसळावं. हळू ओतावं, झाकण उघडं ठेवून इंजिन तापू द्यावं, म्हणजे अडकलेली हवा निघते. पहिल्या काही फेऱ्यांनंतर पाणी तांबूस दिसलं तर पुन्हा बदलावं. काढलेलं जुनं कूलंट मात्र गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि शरीरात त्याचं ऑक्झॅलिक अॅसिड होऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.