फुकट मिळणारा लेखक: अमेरिकी मालिकांमधील लॅटिनो लेखनसंधींची पार्श्वभूमी

१९९९ च्या हंगामासाठी अमेरिकेतील चार प्रमुख वाहिन्यांनी जाहीर केलेल्या २६ नव्या मालिकांपैकी एकीतही मध्यवर्ती भूमिका श्वेतेतर कलाकाराकडे नव्हती. त्यावर कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क संघटनेने बहिष्काराचा इशारा दिला आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या, संघटनांनी आपल्या प्रेक्षकांना सप्टेंबरमध्ये टीव्ही बंद ठेवण्याचे आवाहन केले. २००० सालच्या सुरुवातीला चारही वाहिन्यांनी या संघटनांशी लेखी करार केले. लॅटिनो लेखक-दिग्दर्शकांच्या संधींविषयी आज जो वाद चालू आहे, तो समजून घ्यायचा तर या करारांनंतर रूढ झालेल्या एका पद्धतीकडे बारकाईने पाहावे लागते.

आपल्याकडे मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांची नावे वेगवेगळी येतात. अमेरिकेत मात्र मालिकेचे लेखक महिनोन्महिने एकाच खोलीत बसून सगळे भाग एकत्र रचतात, आणि या खोलीला रायटर्स रूम म्हणतात. खोलीत उतरंड ठरलेली असते. तळाला स्टाफ रायटर, त्याच्यावर स्टोरी एडिटर, मग निर्माता या पदनामाच्या निरनिराळ्या पायऱ्या, आणि सर्वांत वर शोरनर. कथानक कोणत्या दिशेने न्यायचे, खोलीत कोणाला घ्यायचे, कोणाला पुढच्या वर्षी बोलवायचे नाही, हे बहुतांशी शोरनर ठरवतो. म्हणून पडद्यावर लॅटिनो चेहरे किती दिसले यापेक्षा या उतरंडीत लॅटिनो माणूस कुठवर चढला, हा प्रश्न मला अधिक मूलभूत वाटतो.

करारांनंतर वाहिन्यांनी विविधतेसाठी स्वतंत्र अधिकारी नेमले, नवोदितांसाठी लेखनवर्ग सुरू केले आणि तळाच्या पायरीवर एक खास जागा निर्माण केली. या जागेवरच्या लेखकाचा पगार मालिकेच्या अंदाजपत्रकातून न जाता वाहिनीच्या किंवा स्टुडिओच्या वेगळ्या निधीतून जात असे, म्हणजे मालिकेला तो लेखक फुकट पडे. हेतू सरळ होता: पैशाची सबब उरू नये. परंतु पुढच्या वर्षी त्याच लेखकाला बढती देऊन ठेवून घेतले की त्याचा पगार मालिकेच्या खर्चात धरला जाई, आणि त्याला निरोप देऊन दुसरा नवखा लेखक घेतला की जागा पुन्हा फुकट होई. साहजिकच अनेक खोल्यांनी दुसरा मार्ग पत्करला. अशा लेखकाला एका मालिकेवरून दुसऱ्या मालिकेवर जाताना पुन्हा पहिल्याच पायरीपासून सुरुवात करावी लागे, आणि काहींची उमेदीची वर्षे त्यातच गेली.

पैशाचे नुकसानही कमी नव्हते. वरच्या पायरीवरील लेखकाला आठवड्याच्या पगाराखेरीज त्याने लिहिलेल्या प्रत्येक भागाचे वेगळे मानधन मिळे. स्टाफ रायटरला, भागावर त्याचे नाव लागले तरी, ते मिळत नसे. शिवाय ही जागा कोणत्या निधीतली आहे हे खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत असे. आज नावारूपाला आलेले कित्येक लेखक याच वाटेने आत आले, असे या पद्धतीचे समर्थक सांगतात, आणि ते खरे आहे. तरीही बढतीला दंड आणि बदलीला बक्षीस देणारी ही रचना एवढी वर्षे जवळपास तशीच ठेवली गेली, ही वाहिन्यांची अक्षम्य चूक होती, असेच म्हणावे लागते.

दूरच्या भूतकाळातील दोन गोष्टींचा येथे संबंध येतो. १९५१ मध्ये सुरू झालेल्या एका अतिशय लोकप्रिय विनोदी मालिकेत नायिकेच्या पतीची भूमिका तिच्या खऱ्या पतीने, एका क्युबन बँडप्रमुखाने केली. वाहिनीचा आधी त्याला विरोध होता. या दांपत्याने कमी मानधन पत्करून चित्रित भागांची मालकी स्वतःकडे ठेवली आणि त्यातून पुढे स्वतःचा स्टुडिओ उभा केला. मालकी हातात असलेला लॅटिनो निर्माता त्यानंतर कित्येक वर्षे अपवादच राहिला. दुसरी गोष्ट १९६१ च्या एका संगीतपटाची. त्यात पोर्तो रिकन टोळीतील सगळ्यांना एकाच गडद तपकिरी छटेचा रंग फासला होता. त्यातली एक अभिनेत्री स्वतः पोर्तो रिकोत जन्मलेली. आमच्यात सगळ्या वर्णांची माणसे असतात, असे तिने रंगभूषाकाराला सांगून पाहिले, पण तिच्याही चेहऱ्यावर तोच थर चढला. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळाले.

मोजणीतही एक गुंता आहे. १९८० च्या जनगणनेत ‘हिस्पॅनिक’ हा प्रश्न प्रथमच सर्वांना विचारला गेला, आणि १९९७ मध्ये सरकारी व्याख्येत ‘लॅटिनो’ हा शब्द त्याच्या जोडीला आला. पहिला शब्द स्पॅनिश भाषा-संस्कृतीकडे बोट दाखवतो, दुसरा लॅटिन अमेरिकेकडे. त्यामुळे माद्रिदहून आलेला नट एका यादीत बसतो, ब्राझीलचा दुसऱ्या. २०१३ ते २०१८ या सहा वर्षांच्या चित्रपटांसाठी दिलेल्या दिग्दर्शनाच्या सहा ऑस्करपैकी पाच मेक्सिकोत जन्मलेल्या तिघांनी मिळवले, आणि तो लॅटिनोंचा विजय म्हणून साजरा झाला. त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. पण लॉस एंजेलिसमध्येच वाढलेल्या मेक्सिकन वंशाच्या मुलीला रायटर्स रूममध्ये प्रवेश मिळण्याशी त्याचा संबंध फार थोडा आहे.

मालिकांच्या बाबतीत २००६ मध्ये आशा वाटावी अशी घटना घडली. ज्या कोलंबियन मालिकेवरून आपल्याकडे हिंदीत ‘जस्सी जैसी कोई नहीं’ आली होती, तिचीच इंग्रजी आवृत्ती क्युबन वंशाच्या लेखकाने अमेरिकेत आणली आणि ती चार वर्षे चालली. पुढे स्ट्रीमिंगच्या लाटेत लॅटिनो कुटुंबांवरच्या मालिका वाढल्या, पण दोन-तीन वर्षांत त्यांतल्या बऱ्याच बंद पडल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये २७० हून अधिक लॅटिनो लेखक-निर्मात्यांनी एका खुल्या पत्रातून आमच्या कथा आमच्याशिवाय सांगू नका, असे उद्योगाला बजावले. पुढच्याच वर्षी आलेल्या एका विद्यापीठाच्या अभ्यासात २००७ ते २०१९ मधील १,३०० लोकप्रिय चित्रपटांपैकी जेमतेम ३.५ टक्के चित्रपटांत मुख्य भूमिका लॅटिनो कलाकारांकडे असल्याचे आढळले. संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २०१९ सालासाठी माध्यम उद्योगातील लॅटिनो कर्मचाऱ्यांचे प्रमाण १२ टक्के नोंदवले. इतर उद्योगांत ते १८ टक्के होते.

२०२३ मध्ये लेखकांचा संप १४८ दिवस चालला. त्यानंतरच्या करारात स्टाफ रायटरलाही त्याने लिहिलेल्या भागाचे वेगळे मानधन मिळू लागले आणि मालिकेच्या भागांच्या संख्येनुसार खोलीतील लेखकांची किमान संख्या ठरली. मात्र २०२२ मध्ये ५९९ पर्यंत गेलेली कथाप्रधान मालिकांची संख्या २०२३ मध्ये ५१६ वर आली होती, आणि २०२५ च्या सुरुवातीला काही माध्यम कंपन्यांनी विविधतेची संख्यात्मक उद्दिष्टे मागे घेतली. मानधनाचा अन्याय दूर झाला त्याच सुमारास खोल्या कमी झाल्या, आणि कपात सुरू झाली की सर्वांत आधी तळाची पायरी रिकामी होते.