केप हॉर्नची भिंगाखालची जंगले: पार्श्वभूमी

चिलीच्या दक्षिण टोकाच्या केप हॉर्न द्वीपसमूहाला २००५ साली युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र, म्हणजे निसर्ग आणि तिथली माणसे यांचा एकत्र विचार करून राखायचा प्रदेश, म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. सुमारे ४९ लाख हेक्टरांच्या या क्षेत्राचा साठ टक्के भाग समुद्राचा आहे, आणि जमीन व समुद्र यांचा एकत्र विचार करणारे हे चिलीतील पहिले राखीव क्षेत्र होय. मान्यतेसाठी मांडलेल्या युक्तिवादात सर्वांत पुढे होत्या हरिता आणि यकृतका, म्हणजे खोडांवर, खडकांवर आणि दलदलीत वाढणाऱ्या, फुले-बिया नसलेल्या, जेमतेम बोटभर उंचीच्या वनस्पती. या निवडीमागील कारणे पाहिल्याशिवाय तिथल्या पर्यावरण शिक्षणाला आज आलेले रूप नीट उलगडत नाही.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवरील बीगल खाडीच्या दोन्ही तीरांवर यागान हे मूळनिवासी लोक हजारो वर्षे होड्यांतून फिरत, शिंपले आणि सीलच्या शिकारीवर जगत आले. एकोणिसाव्या शतकात सर्वेक्षणाची जहाजे, मिशनरी, गोवरासारखे साथीचे रोग, सोने शोधणारे आणि मेंढपाळ असे सगळे एकापाठोपाठ एक आले आणि यागानांची संख्या झपाट्याने घटली. १९५३ मध्ये खाडीच्या दक्षिणेकडील नावारीनो बेटावर नौदलाचा तळ उभा राहिला. तोच आजचा पुएर्तो विल्यम्स. उरलेली यागान कुटुंबे पुढे या गावालगतच्या उकिका वस्तीत आली. राष्ट्रीय उद्याने त्याआधी आणि त्यानंतरही, १९४५ आणि १९६५ साली, घोषित झाली होती, पण ती बहुतांशी कागदावरच राहिली. बेटे राखली ती सीमावादाने. १९७८ मध्ये चिली आणि अर्जेंटिना युद्धाच्या उंबरठ्यावर पोचले आणि १९८४ च्या तहापर्यंत हा सारा टापू लष्करी नजरेखाली राहिला. लाकूडतोड, वसाहत, रस्ते यांना त्यामुळे वावच मिळाला नाही. संवर्धनाच्या इतिहासात याचे श्रेय सहसा कोणी नोंदवत नाही.

खरा प्रश्न नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला. २००० साली जगातील जैवविविधतेच्या २५ हॉटस्पॉटची, म्हणजे संवर्धनात प्राधान्य द्यायच्या प्रदेशांची, सुधारित यादी प्रसिद्ध झाली. तिचे निकष दोन होते. पहिला, त्या प्रदेशात प्रदेशनिष्ठ (फक्त तिथेच आढळणाऱ्या) वाहिनीवंत वनस्पतींच्या, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नलिका असलेल्या झाडाझुडपांच्या, किमान १,५०० जाती असाव्यात. दुसरा, तिथले मूळ वनस्पती-आच्छादन किमान सत्तर टक्के नष्ट झालेले असावे. या निकषांनी आपला सह्याद्री श्रीलंकेसह यादीत आला. चिलीचा मध्य भागही आला. केप हॉर्न मात्र दोन्ही निकषांवर बाद ठरले. वृक्षांच्या जाती तिथे मोजक्याच, त्यातही जंगल उभे राहते ते मुख्यतः नोथोफॅगस या दक्षिणी बीच वृक्षाच्या तीन जातींवर. आणि ते जंगल तोडलेले नव्हते, हा त्याचा दुसरा दोष. पुरेसा विध्वंस झाला नाही म्हणून प्राधान्य नाही, हा या मोजपट्टीचा तर्क पैशांची वाटणी करणाऱ्यांना सोयीचा असेलही, पण शाबूत राहिलेल्या प्रदेशांवर तो अन्याय करणारा होता, असे म्हणावेच लागते.

याला उत्तर म्हणून तिथे काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आणि पर्यावरण-तत्त्वचिंतकांच्या गटाने मोजायची वस्तूच बदलली. विषुववृत्तापासून दूर जावे तशी जातींची संख्या घटते, हा नियम वाहिनीवंत वनस्पतींना लागू पडतो. हरिता-यकृतकांना तो तसा लागू पडत नाही. महासागरावरून येणारे ओले, थंड, कारखान्यांच्या धुराचा स्पर्श न झालेले वारे, सौम्य उन्हाळा आणि कुठे पाणथळ, कुठे खडक, कुठे जुनी झाडे अशी विविध स्थाने यांमुळे या टापूत त्यांच्या आठशेच्या आसपास जाती आढळतात. हा आकडा जगातील एकूण जातींच्या पाच टक्क्यांहून अधिक भरतो, आणि तो पृथ्वीच्या भूपृष्ठाच्या ०.०१ टक्क्याहूनही लहान भागात एकवटलेला आहे, अशी मांडणी पुढे आली. २००५ च्या मान्यतेचा कणा हाच.

हा निर्णय वादातीत नव्हता. हरितांचे बीजाणू वाऱ्यावर दूरवर जातात, त्यामुळे एखादी जात फक्त इथलीच आहे असे छातीठोकपणे सांगणे फुलझाडांच्या तुलनेत अवघड असते. शिवाय या गटांचे जाणकार जगात थोडे; जिथे ते जाऊन बसतात तिथली यादी लांबते, ही शंकाही रास्त आहे. मला अधिक खटकते ती टक्केवारीची उचल. ती कधी राखीव क्षेत्राच्या नावावर सांगितली जाते, कधी पेनास आखातापासून केप हॉर्नपर्यंतच्या सगळ्या मॅगेलनिक प्रदेशाच्या, आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांत तर एका नावारीनो बेटाच्या. या तिन्ही क्षेत्रांच्या आकारात कित्येक पटींचा फरक आहे, तेव्हा तीच टक्केवारी तिन्हींना लागू होणे शक्य नाही. एवढे मान्य करूनही मूळ मुद्दा टिकतो. कोणता जीवगट मोजायचा हे आधी ठरते आणि कोणता प्रदेश श्रीमंत हे त्यानंतर ठरते. उत्तर गोलार्धात ५५ अंशांवर शहरे, शेती आणि मोठी लोकसंख्या आहे. दक्षिणेत त्या अक्षांशावर जंगल असलेली जमीन जवळजवळ एवढीच. उत्तरेच्या अनुभवातून तयार झालेली मोजपट्टी इथे लावणे मुळातच अपुरे होते.

शिक्षणाचा भाग या निर्णयाला जोडूनच आला, कारण डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या गोष्टीसाठी कायदा मागायचा तर ती आधी लोकांना दाखवावी लागते. गावाच्या पश्चिमेला तीनेक किलोमीटरवर, रोबालो नदीच्या खोऱ्यात, २००० साली सुमारे हजार हेक्टरांचे एक उद्यान सुरू झाले होते. गावाचे पिण्याचे पाणी याच खोऱ्यातून येते, त्यामुळे ते राखण्याचे कारण गावकऱ्यांना वेगळे समजवावे लागले नाही. उद्यानाला नाव मिळाले ओमोरा, म्हणजे यागान भाषेत तिथला इवलासा हमिंगबर्ड. यागान कथांत तो एकाच वेळी पक्षी आणि छोटा पण न्यायी पुरुष असतो.

इथली पद्धत पाहण्यासारखी आहे. मुलाच्या हाती गळ्यात अडकवण्याजोगे भिंग दिले जाते. भिंग आधी डोळ्याशी धरायचे आणि मग डोके खोडाजवळ न्यायचे, हे शिकण्यातच पहिली काही मिनिटे जातात. बहुतेक जण हात लांब करून बघतात आणि त्यांना हिरवट धुके दिसते. नाक जवळजवळ खोडाला टेकले की वीतभर सालीवर उभी देठे, पाण्याचा थेंब धरून बसलेल्या पानांच्या ओळी, त्यांच्यामधून चालणारे किडे आणि दगडफुलाचे करडे पापुद्रे वेगळे दिसू लागतात. मग मुलांनी स्वतःच त्याला नाव किंवा उपमा सुचवायची असते. ‘केप हॉर्नची लघुवने’ हा आता सर्वत्र रुळलेला शब्दप्रयोग याच मार्गाने रूढ झाला. या पद्धतीचे चार टप्पे ठरलेले आहेत: आंतरविद्याशाखीय संशोधन, उपमा व साधे निवेदन, मार्गदर्शनाखालील क्षेत्रभेट आणि शेवटी प्रत्यक्ष जागेवर संवर्धनाची सोय. चौथा टप्पा नसेल तर पहिले तीन म्हणजे केवळ सहल, असा तिथला आग्रह असतो आणि तो योग्य आहे.

याच काळात प्रतीक-प्राण्याचा, म्हणजे लोकांचे मन संवर्धनाकडे वळवणाऱ्या एखाद्या ठळक प्राण्याचाही, प्रश्न आला. हरितेसाठी पोस्टर लावता येते, पण तिच्यावर जीव जडायला वेळ लागतो. त्यामुळे मॅगेलनिक सुतारपक्षी, म्हणजे लाल डोक्याचा भला मोठा काळा पक्षी, प्रतीक म्हणून पुढे आणला गेला. ही तडजोड होती, आणि ज्यांनी मोठ्या प्राण्यांवर विसंबून राहण्याला विरोध केला होता त्यांनीच ती केली, हे नोंदवणे आवश्यक आहे.

शाळेची अडचण वेगळीच होती. गावात शाळा एकच, आणि तिच्यातील बरीच मुले नौदलातील कुटुंबांची; ही कुटुंबे काही वर्षांनी बदलीवर उत्तरेकडे जातात. म्हणजे दर तीन-चार वर्षांनी नवे पालक आणि नवी मुले, आणि त्यांना सगळे पहिल्यापासून शिकवायचे. पाठ्यपुस्तके राजधानीत ठरणारी. दुसरीकडे, पक्ष्यांची यागान नावे ठाऊक असलेली माणसे उकिकात होती, पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून यागान, मापुचे (चिलीतील आणखी एका मूळनिवासी समाजाची भाषा), स्पॅनिश, इंग्रजी आणि शास्त्रीय अशी नावे शेजारी-शेजारी देणारे पक्षी-मार्गदर्शक ध्वनिमुद्रणासह तयार झाले. यागान मातृभाषा असलेली शेवटची वृद्धा २०२२ च्या फेब्रुवारीत वारली. ध्वनिमुद्रणे आणि शब्दसंग्रह उरले आहेत, आणि काही कुटुंबांत भाषा पुन्हा शिकण्याचे प्रयत्न चालू आहेत.

आयात प्राण्यांनी हा सारा अभ्यासक्रम अधिक अवघड केला. १९४६ मध्ये अर्जेंटिनाने फरच्या धंद्यासाठी कॅनडातून बीव्हर, म्हणजे झाडे कुरतडून ओढ्यांवर बांध घालणारे मोठे कृंतक प्राणी, आणून खाडीच्या उत्तरेकडील तिएरा देल फ्वेगो बेटावर सोडले. साठच्या दशकात ते नावारीनोवर पोचले, नव्वदच्या दशकात मुख्य भूमीवर. उत्तर अमेरिकेतील कित्येक झाडे बीव्हरने तोडल्यावर बुंध्यापासून पुन्हा फुटतात. नोथोफॅगस बहुधा फुटत नाही, आणि बांधामागे साचलेल्या पाण्यात उभी झाडेही मरतात. मिंक हा मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी नावारीनोवर २००१ च्या सुमारास नोंदला गेला. ज्या बेटावर जमिनीवरचा शिकारी सस्तन प्राणी नव्हताच, तिथे जमिनीवर घरटी करणारी बदके आणि हंस त्याच्या तोंडी आयतेच लागले. २००८ मध्ये दोन्ही देशांनी बीव्हर निर्मूलनाचा करार केला. पण खाडीपलीकडच्या उश्वाइया या अर्जेंटिनातील शहरात बीव्हर हे पर्यटनाचे आकर्षण आहे, आणि तिथल्या स्की केंद्राचे नावच बीव्हरवरून ठेवलेले आहे. ज्या मुलांना सहजीवनाचे धडे दिले, त्यांनाच या मेहनती बांधकाम्याला सापळ्यात पकडावे लागते हेही शिकवायचे, ही शिक्षकांची कोंडी कोणत्याही आराखड्यात नीट सोडवलेली नाही.

अलीकडील घडामोडी मात्र समुद्राकडे वळल्या आहेत. २०१९ मध्ये बीगल खाडीत सॅल्मनपालनाचे पिंजरे टाकले गेले, तेव्हा यागान समाज आणि गावकरी विरोधात उभे राहिले. त्याच वर्षी पिंजरे काढून नेण्यात आले. २०२१ मध्ये खाडीच्या अर्जेंटिनाकडील प्रांताने सॅल्मनपालनावर कायद्याने बंदी घातली. विरोधकांच्या हाती राखीव क्षेत्राचा दर्जा होता, हे खरे. पण त्या दर्जाला स्वतःचे कायदेशीर दात नसल्यामुळे निर्णायक ठरला तो स्थानिकांचा आवाजच. याच सुमारास, केप हॉर्नच्याही दक्षिणेला दिएगो रामिरेस बेटे आणि ड्रेक सामुद्रधुनीत सुमारे १ लाख ४० हजार चौरस किलोमीटरांचे सागरी उद्यान अस्तित्वात आले. पुएर्तो विल्यम्सलाही २०१९ मध्ये शहराचा दर्जा मिळाला आणि जगातील सर्वांत दक्षिणेकडील शहर कोणते, हा उश्वाइयाशी असलेला जुना वाद नव्याने रंगला. पर्यटकांची वर्दळ वाढते आहे, गावात उपअंटार्क्टिक संशोधन व शिक्षण केंद्राची नवी इमारत उभी राहिली आहे, आणि केप हॉर्नच्या टोकाच्या ओर्नोस बेटावर जगातील सर्वांत दक्षिणेकडील झाडाचा शोधही २०१९ मध्येच लागला. हे झाड नोथोफॅगसचे आहे, आणि वाऱ्याच्या माऱ्यात ते जमिनीलगत वाकूनच वाढलेले आहे.