इम्पॅक्ट फीचा अर्ज: बडोद्यात आधी पार्किंगचा हिशेब करावा

गुजरातच्या 2022 च्या अनधिकृत विकास नियमितीकरण कायद्याखाली, म्हणजे सगळेजण जिला नुसते ‘इम्पॅक्ट फी’ म्हणतात त्या योजनेत, 1 ऑक्टोबर 2022 पूर्वीचे बांधकाम शुल्क भरून नियमित करून घेण्याची सोय आहे. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यात जुन्या वाड्यांच्या जागी खाली दुकाने, वर बिऱ्हाडे अशा ज्या इमारती झाल्या, त्यांचे घोडे बहुधा वाढीव खोलीपेक्षा पार्किंगवरच अडते.

2017 च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे सदनिकांच्या इमारतीत वापरलेल्या चटईक्षेत्राच्या 20 टक्के आणि व्यापारी वापरासाठी 50 टक्के जागा पार्किंगला लागते. चिंचोळ्या भूखंडावर हे पाळायचे, तर तळमजला गाड्यांना देऊन दुकान वर न्यावे लागते आणि पायी येणारे गिऱ्हाईक तुटते. ही पेठ मोटार येण्याआधीच दाट वसली होती. नियम मात्र रुंद, नव्या भूखंडांच्या मापाचा आहे.

कायद्यातील सवलत अशी की, आवश्यक पार्किंगपैकी निम्मे आवारात किंवा 500 मीटरच्या आत प्रत्यक्ष द्यावे लागते आणि उरलेल्या निम्म्याची उणीव शुल्काने भरून निघते. समजा, दुकानांचे चटईक्षेत्र 400 चौरस मीटर आहे. म्हणजे पार्किंग 200 हवे. आवारात 40 असेल, तर आणखी 60 ची सोय करावीच लागेल. शुल्क केवळ उरलेल्या 100 पुरते. (शुल्क भरले म्हणून गाड्या कमी होत नाहीत, त्या गल्लीत लागतात, हे वेगळे सांगायला नको.)

अर्जासोबत मालकीसाठी प्रॉपर्टी कार्ड, बांधकाम मुदतीआधीचे असल्याचे दाखवणारे जुने घरपट्टीचे किंवा विजेचे बिल, नोंदणीकृत अभियंत्याने प्रत्यक्ष मोजून काढलेला नकाशा, इमारतीच्या मजबुतीचा दाखला आणि अग्निसुरक्षेची कागदपत्रे तयार ठेवावीत. सामाईक मालकी असल्यास इतर भागीदारांची लेखी संमती आधीच घ्यावी. वाड्याच्या वारसांत अर्ज येथेच रखडतात. सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवरील, सार्वजनिक रस्त्यावरील आणि जलप्रवाहातील बांधकामांना ही योजना लागू नाही. मुदत अनेकदा वाढवली गेली असल्याने चालू तारीख महानगरपालिकेत विचारून घ्यावी.

नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेल्या तळघरात कापडाचे गठ्ठे रचलेले असतील, तर ते मोजणीपूर्वी हलवावेत.